एकाच आईची लेकरे, अंगकाठी निराळी

प्रश्न : मी मोखाड्यातील एका पाड्यावर अंगणवाडीसेविका आहे. दोघा सख्ख्या भावांपैकी एकाच्या दंडावर कुपोषण मोजण्याची पट्टी हिरवा रंग दाखवते, तर दुसऱ्याच्या दंडावर तीव्र कुपोषणाचा लाल. हे रक्तातच असते का?

उत्तर : ताई, सख्ख्या भावांची जनुके तंतोतंत सारखी नसतातच, परंतु जनुके म्हणजे दफ्तरातील मूळ दस्तऐवज मानले, तर त्यांतला कोणता कागद उघडायचा आणि कोणता बांधून ठेवायचा हे ठरविण्यात, मूळ अक्षराला धक्का न लावता वर बसणाऱ्या मिथिल गटांसारख्या रासायनिक खुणांचा वाटा असतो, आणि त्या खुणांवर गर्भावस्थेतील अन्नाचा परिणाम होतो. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळी दुष्काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या वाढीशी निगडित एका जनुकावरील अशा खुणा सुमारे साठ वर्षांनंतरही त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या.

आपल्याकडे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात, वजनाने हलकी पण मेद टिकवून जन्मलेली बालके दिसली. मिथिल गटांच्या पुरवठ्यास लागणारे ब-१२ जीवनसत्त्व तेथील बहुसंख्य मातांत अपुरे होते.

तथापि १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत जी बालके दगावली, त्यांचा दोष खुणांवर, त्याहून मातांवर, टाकणे मला अन्यायाचे वाटते. तेथे भूक आणि आजार हीच उघड कारणे होती. लाल पट्टीच्या लेकराला आधी आरोग्य केंद्रात न्या. मग नोंदवही काढून पाहा, की त्याच्या वेळी आईचे दिवस भातलावणीच्या चिखलात गेले, की वीटभट्टीवर.