प्रवेशाची प्रतीक्षायादी : नियम, गणित आणि निर्णय

हावडा-मुंबई लोहमार्गावरील गोंदिया आणि रायपूर या शहरांमधील प्रवाशांना ‘वेटिंग’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. रेल्वेच्या प्रतीक्षायादीत पुढचा प्रवासी तिकीट रद्द करतो आणि मागचा एक क्रमांकाने वर सरकतो. महाविद्यालयीन प्रवेशाची प्रतीक्षायादीही अशीच चालते, असा समज विद्यार्थी व पालक यांच्यात रूढ आहे. प्रत्यक्षात ती अशी चालत नाही. येथे एका यादीच्या पोटात अनेक याद्या असतात. प्रवर्ग, राज्याचा कोटा, विद्याशाखा आणि लिंगनिहाय अतिरिक्त जागा यांनुसार प्रत्येक यादीची गती निराळी असते. त्यामुळे ‘माझ्यापुढे चाळीसजण आहेत’ या वाक्यावरून, ते चाळीसजण कोणत्या यादीतील आहेत हे कळल्याखेरीज, काहीच सिद्ध होत नाही.

या विषयाच्या अभ्यासासाठी रायपूर हे शहर सोयीचे आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाल्यानंतर या शहरात राष्ट्रीय पातळीवरील संस्था एकामागून एक आल्या. हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ २००३ मध्ये स्थापन झाले. १९५६ साली खाणकाम व धातुशास्त्राचे शासकीय महाविद्यालय म्हणून सुरू झालेल्या संस्थेला १ डिसेंबर २००५ पासून राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेचा, म्हणजे एनआयटीचा, दर्जा मिळाला. २०१० मध्ये आयआयएम आणि २०१२ मध्ये एम्स सुरू झाले. या चार संस्थांच्या प्रवेशाच्या चार वेगवेगळ्या यंत्रणा आहेत आणि प्रत्येकीत ‘प्रतीक्षा’ या शब्दाचा अर्थ बदलतो. पूर्व विदर्भातील अनेक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या संस्था मुंबई-पुण्याहून जवळ आहेत, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

प्रतीक्षायादी मुळात का निर्माण होते? विद्यार्थी अनेक ठिकाणी अर्ज करतो, परंतु शिकतो एकाच ठिकाणी. शंभर जागा असलेल्या संस्थेने शंभरच जणांना बोलावले, तर त्यांतील काहीजण अन्यत्र जातात आणि जागा रिकाम्या राहतात. दीडशे जणांना बोलावले आणि सर्वच आले, तर वर्ग पुरत नाहीत. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा आरंभ याच अडचणीपासून होतो. प्रतीक्षायादीमुळे ही अडचण सुटत नाही, उलट नवी अनिश्चितता निर्माण होते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांनी सुचविलेल्या पद्धतीत विद्यार्थी आपला पसंतीक्रम देतो आणि संस्था गुणवत्तेनुसार उमेदवारांना तात्पुरते राखून ठेवते. अधिक गुणवान उमेदवार आल्यास आधीचा उमेदवार मोकळा होऊन आपल्या पुढच्या पसंतीकडे वळतो. सर्व फेऱ्या संपेपर्यंत स्वीकृती अंतिम होत नाही, म्हणून या पद्धतीस ‘विलंबित स्वीकृती’ म्हणता येईल. या परंपरेतील कार्याबद्दल शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल यांचे २००८ मध्येच निधन झाले होते.

या सिद्धान्ताचा भारतीय विद्यार्थ्याशी थेट संबंध २०१५ मध्ये आला. तोपर्यंत आयआयटी आणि एनआयटी यांचे जागावाटप स्वतंत्रपणे होत असे. एकाच विद्यार्थ्याच्या नावावर दोन्हीकडे जागा असे आणि त्याने सोडलेली जागा भरण्याची वेळ अनेकदा टळून गेलेली असे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा अपव्यय मोठा आहे. प्रयोगशाळा, वसतिगृह व अध्यापक यांवरील खर्च झालेलाच असतो आणि पहिल्या वर्षी रिकामी राहिलेली जागा बहुधा पुढेही भरून निघत नाही. २०१५ पासून ‘जोसा’ या संयुक्त प्राधिकरणामार्फत दोन्ही समूहांचे वाटप एकत्र होऊ लागले. त्याचा गाभा विलंबित स्वीकृतीच्याच तत्त्वावर आधारलेला आहे. रिक्त जागांत त्यामुळे लक्षणीय घट झाली.

या पद्धतीचा एक गुणधर्म विद्यार्थ्यांनी पक्का ध्यानात ठेवावा. येथे खरा पसंतीक्रम देण्यात तोटा नसतो. ‘मिळण्याची शक्यता अधिक तो पर्याय वर टाकावा’ हा सल्ला शिकवणीवर्गांतून सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. समजा, गोंदियाच्या एका विद्यार्थिनीला नागपूरच्या व्हीएनआयटीत संगणकशास्त्र सर्वाधिक पसंत आहे, त्याखालोखाल रायपूर एनआयटीत तेच, आणि शेवटी रायपूरला खाणकाम अभियांत्रिकी. नागपूरचा पर्याय वर ठेवल्याने रायपूरच्या खाणकामातील तिची शक्यता यत्किंचितही कमी होत नाही. खाणकाम मात्र वर ठेवले आणि तेच मिळाले, तर खालच्या दोन्ही पसंती आपोआप रद्द होतात. पहिल्या फेरीत खाणकामाची जागा मिळाली, तर ती स्वीकारून ‘फ्लोट’ हा पर्याय निवडता येतो. त्यामुळे हातची जागा राहते आणि वरच्या पसंतींचा दावाही कायम राहतो. त्याच संस्थेत वरची शाखा हवी असल्यास ‘स्लाइड’ आणि आहे त्यावर समाधान असल्यास ‘फ्रीझ’ असे अन्य पर्याय आहेत. अपुऱ्या माहितीअभावी पहिल्याच फेरीत ‘फ्रीझ’ करणे म्हणजे स्वतःच्या हाताने प्रतीक्षायादीतून नाव काढून घेणे होय.

यादी पुढे सरकते ती साखळीने. मुंबईच्या आयआयटीत एक जागा मोकळी झाली की नागपूरचा एकजण तेथे जातो, त्याच्या जागी रायपूरचा, रायपूरच्या जागी तिसऱ्या संस्थेतील. एका जागेमुळे अशी चार-पाच जणांची हालचाल होते. म्हणून मागील वर्षाची केवळ पहिल्या फेरीची नव्हे, तर शेवटच्या फेरीची अंतिम गुणानुक्रम-मर्यादा पाहावी, आणि तीही आपल्याच प्रवर्गाची व आपल्याच कोट्याची. जोसाच्या फेऱ्यांनंतर एनआयटी व तत्सम संस्थांतील उरलेल्या जागांसाठी ‘सीसॅब’च्या विशेष फेऱ्या होतात. त्यांत नवी जागा मिळाल्यास जुनी जागा जाते. तेव्हा हातातल्या जागेपेक्षा खरोखर सरस वाटणारे पर्यायच तेथे भरावेत.

कोट्याचा प्रश्न सीमेवरील जिल्ह्यांत विशेष नाजूक ठरतो. एनआयटीतील निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात आणि गृहराज्य ठरते ते बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण केली यावरून. निवास वा जन्मस्थान यांवरून ते ठरत नाही. गोंदियाच्या विद्यार्थ्याने रायपूरच्या शाळेतून बारावी केली, तर रायपूर एनआयटीत तो गृहराज्याचा उमेदवार ठरतो आणि नागपूरला परराज्याचा. वैद्यकीय प्रवेशाचे तर्कशास्त्र मात्र याहून वेगळे आहे. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे अधिवासाबरोबर दहावी व बारावी राज्यातूनच होणे आवश्यक असते, तर छत्तीसगडच्या कोट्यासाठी तेथील मूळ निवासी असल्याचा दाखला लागतो. परिणामी हाच विद्यार्थी दोन्ही राज्य कोट्यांना मुकून अखिल भारतीय जागांपुरता उरू शकतो. अकरावीत शाळा निवडताना घेतलेल्या या निर्णयाची किंमत दोन वर्षांनी मोजावी लागते. पालकांशी त्याविषयी कोणी बोलत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

रायपूर एम्सची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा २०२० पासून राहिली नाही. तेथील प्रवेश ‘नीट’द्वारे, वैद्यकीय समुपदेशन समितीच्या फेऱ्यांतून होतो. येथे पहिल्या फेरीत मिळालेली जागा न स्वीकारता पुढे जाता येते, पण नंतरच्या फेऱ्यांत जागा नाकारल्यास अनामत रक्कम जप्त होते. अखेरच्या रिक्त-जागा फेरीत मिळालेल्या जागेवर रुजू न झाल्यास पुढील परीक्षेस बसण्यावर बंदीही येऊ शकते. येथे पसंतीक्रम खरा असावा हे तर आहेच. शिवाय, जेथे शिकायला जाणारच नाही असा पर्याय यादीत नसावा.

आयआयएममध्ये मात्र पारंपरिक अर्थाची प्रतीक्षायादी असते. कॅटचे गुण, शैक्षणिक कामगिरी, मुलाखत यांवरून एकत्रित गुणांक काढला जातो आणि प्रवर्गनिहाय क्रमांक लागतात. जुन्या आयआयएममध्ये निवडलेले उमेदवार रायपूरची जागा सोडतात, तशी यादी खाली सरकते. या टप्प्यावर पत्रे, शिफारसी वा भेटी यांनी काही साधत नाही. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत प्रतीक्षायादीवरील विद्यार्थ्याने आपली इच्छा व नवे यश पत्राने कळविणे उपयुक्त ठरते, कारण तेथे निवड बऱ्याच अंशी संस्थेच्या विवेकाधीन असते. भारतातील गुणानुक्रमाधिष्ठित पद्धतीत तो मार्ग नाही, आणि ‘ओळखीने’ क्रमांक वर आणून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहणेच श्रेयस्कर.

मग विद्यार्थ्याच्या हाती काय उरते? कागदपत्रे, पैसा आणि वेळ. इतर मागासवर्ग व आर्थिक दुर्बल घटकांची प्रमाणपत्रे केंद्रीय नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरची असावी लागतात. राज्याच्या यादीतील प्रत्येक जात केंद्रीय यादीत असतेच असे नाही. येथे चूक झाल्यास उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो आणि त्याचा क्रमांक हजारोंनी बदलतो.

पैशाचा प्रश्न अधिक तीव्र आहे. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती, परंतु १७,५०० रुपयांचे स्वीकृती शुल्क २४ जूनच्या सायंकाळी पाचपर्यंत भरता आले नाही आणि जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठासमोर ३० सप्टेंबर २०२४ रोजी, घटनेच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून, त्याला त्याच तुकडीत प्रवेश देण्याचा आदेश दिला. २०२१ मध्येही मुंबई आयआयटीबाबत अशाच एका प्रकरणात न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला होता. दिल्लीपर्यंत पोहोचू न शकलेल्यांची मोजदाद कोठेही होत नाही. स्वीकृती शुल्काची रक्कम निकालापूर्वीच खात्यात तयार असावी. शुल्कात सवलत वा शिष्यवृत्ती असली तरी प्रारंभीची रक्कम बहुधा स्वतःलाच भरावी लागते, हेही कुटुंबाने आधी जाणून घ्यावे.

प्रतीक्षेच्या काळात अन्यत्र प्रवेश घेऊन ठेवणे गैर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेपूर्वी १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केल्यास, कमाल ५,००० रुपयांच्या मर्यादेत ५ टक्क्यांपर्यंत प्रक्रिया खर्च वगळता, संपूर्ण शुल्क परत मिळते. त्यानंतर हे प्रमाण ९०, ८० व ५० टक्के असे उतरत जाते आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटल्यावर काहीच मिळत नाही. म्हणून पर्यायी प्रवेश घेताना त्या संस्थेची ‘जाहीर अंतिम तारीख’ लिहून ठेवावी, आणि रद्द करण्याचा अर्ज तोंडी न सांगता लेखी देऊन त्याची पोच घ्यावी.