अंतराळवीरांच्या स्वाक्षऱ्या : छंद आणि विवेक

‘स्वाक्षरी’ या शब्दाची फोड केली तर ‘स्वतःचे अक्षर’ एवढाच त्याचा अर्थ निघतो. जे अक्षर दुसऱ्या कोणाचेही होऊ शकत नाही, ते स्वाक्षर. थोरामोठ्यांच्या अशा अक्षरांचा संग्रह करण्याचा छंद आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे. व्याख्यान संपताच लहानशी वही हाती घेऊन व्यासपीठाभोवती गर्दी करणारी मुले कोणी पाहिली नाहीत? कोणी साहित्यिकांच्या स्वाक्षऱ्या जमवितो, कोणी गायकांच्या, तर कोणी क्रिकेटपटूंच्या. या छंदाची एक शाखा मात्र अवघी साठ-पासष्ट वर्षांची आहे. ती म्हणजे अंतराळवीरांच्या स्वाक्षऱ्यांची. तिचे वय थोडे असले तरी तिच्या इतिहासात धैर्य, लोभ, वात्सल्य आणि विश्वास या साऱ्यांची उदाहरणे सापडतात. या लेखात आम्ही त्या शाखेची ओळख करून देणार आहोत आणि स्वाक्षरीचे मोल नेमके कशात असते, हा प्रश्नही तिच्याच आधारे तपासून पाहणार आहोत.

१२ एप्रिल १९६१ रोजी सोव्हिएत संघाचे यूरी गागारिन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून सुखरूप परतले. तो प्रवास १०८ मिनिटांचा होता. त्या दिवसापूर्वी जगात अंतराळवीराची स्वाक्षरी अशी वस्तूच नव्हती. त्या दिवसानंतर तिच्यासाठी देशोदेशींचे लोक हात पुढे करू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस गागारिन भारतात आले आणि मुंबई व हैदराबाद येथील लोकांनीही त्यांना डोळे भरून पाहिले. पुढे २७ मार्च १९६८ रोजी विमान-अपघातात त्यांचा अंत झाला. तेव्हा ते केवळ ३४ वर्षांचे होते. त्यांच्या उड्डाणानंतरच्या स्वाक्षऱ्या या सुमारे सात वर्षांतल्याच आहेत. त्यांत आता एकाचीही भर पडणे नाही. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग व बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले आणि मायकेल कॉलिन्स यांनी चंद्राभोवती फिरत त्यांची वाट पाहिली. हे तिघेही विश्वभ्रमण करीत त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईस येऊन गेले.

या तिघांच्या स्वाक्षऱ्या कोठे कोठे आहेत, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे. त्यांतील एक संच तर कोणत्याही संग्राहकाच्या हाती लागणार नाही, कारण तो चंद्रावर आहे! त्यांच्या यानाचा जो भाग चंद्रभूमीवरच राहिला, त्याच्या पायाशी एक धातूची पट्टी बसविली होती. तिच्यावर या तिघांच्या आणि अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या स्वाक्षऱ्या कोरलेल्या आहेत. परत आल्यावर त्यांनी सीमाशुल्काच्या एका कागदावरही सह्या केल्या. परदेशाहून येणाऱ्या प्रवाशाने आपल्याजवळचा माल जाहीर करावा लागतो ना, तसाच तो कागद. त्यात मालाच्या रकान्यात चंद्रावरचे खडक व धूळ अशी नोंद आहे. तिसरी सही कॉलिन्स यांची एकट्याची. ‘कोलंबिया’ हे यान समुद्रातून उचलून जहाजावर ठेवल्यानंतर ते पुन्हा आत शिरले आणि आतल्या भिंतीवर त्यांनी आपल्या यानाविषयी कृतज्ञतेच्या दोन ओळी लिहून खाली नाव घातले. ते यान वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या ताब्यात आहे. रशियन प्रथाही अशीच हृद्य आहे. बैकोनूर येथून उड्डाण करणारे अंतराळवीर निघण्यापूर्वी आपल्या निवासातील खोलीच्या दारावर सही करून जातात. या सह्या कोणाच्या मागणीवरून केलेल्या नव्हेत. आपल्या कामाचा, यानाचा किंवा घराचा निरोप घेताना मनुष्याने स्वतःहून उमटविलेली ती खूण आहे.

परंतु सर्वच सह्या अशा नसतात. अंतराळवीरांची कीर्ती वाढली तशी टपालाची पोतीच्या पोती त्यांच्या कार्यालयात येऊन पडू लागली. रोज शेकडो सह्या करीत बसावे तर उड्डाणाची तयारी केव्हा करावी? या अडचणीतून अमेरिकेतील अंतराळ-कार्यालयाने यंत्राचा आश्रय घेतला. त्या यंत्रास ‘ऑटोपेन’ म्हणतात. जुन्या यंत्रात एका व्यक्तीच्या सहीवरून एक साचा कापून घेत. साच्याच्या कडेने एक खुंटी फिरे, आणि तिच्याशी जोडलेला दांडा हातातल्यासारखी लेखणी धरून कागदावर हुबेहूब सही काढी. काही वेळा कचेरीतील लेखनिकच साहेबांच्या नावाने सही करून टाकीत. ज्या मुलाच्या घरी असे छायाचित्र पोहोचले, त्याने ते चौकटीत बसवून भिंतीवर लावले. त्या सहीला अंतराळवीराचा हात लागलाच नव्हता, हे त्यास कोण सांगणार?

मग खऱ्या सहीची पारख कशी करावी? येथे एक सुंदर तत्त्व उपयोगी पडते. कोणताही मनुष्य आपलीच सही दोनदा तंतोतंत सारखी करू शकत नाही. हात कधी थकलेला असतो, कधी घाईत असतो. एखादे अक्षर लांबते, एखादी रेघ आखडते. विद्यार्थ्यांनी कागदावर दहा वेळा आपले नाव लिहून हे स्वतःच ताडून पाहावे. म्हणून जाणते संग्राहक दोन सह्या एकीवर एक ठेवून प्रकाशासमोर धरतात. रेघेवर रेघ बिनचूक बसली, तर त्या दोन्ही साच्यातून उतरल्या असे समजावे. शिवाय यंत्राच्या रेघेत दाब सर्वत्र सारखा असतो, आणि लेखणी जेथे टेकते व जेथे उचलते तेथे पुष्कळदा ठिपका उमटतो. माणसाची रेघ मात्र वेग घेताना बारीक होते आणि वळताना जाड होते. सहीतील किंचित उणीव हीच तिच्या खरेपणाची खूण, हे किती विलक्षण!

बनावट सहीचा तिसरा प्रकार याहून वाईट. यंत्राची सही ही निदान कामाच्या ओझ्यातून सुचलेली सोय होती. पैशासाठी दुसऱ्याची सही करणे ही उघड लबाडी होय. प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या जागी स्वतःच सही ठोकणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षा होते, ती त्याला गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर दुसऱ्याचा शब्द त्याने चोरला म्हणून. थोरांच्या नावाने सह्या विकणारेही हेच करतात, फक्त मोठ्या प्रमाणावर.

आता सहीला किंमत आली म्हणजे काय काय घडते, याची दोन उदाहरणे आम्ही शेजारी शेजारी ठेवतो. पहिले उदाहरण चंद्रावर प्रथम गेलेल्या त्याच तिघांचे. अशा जोखमीच्या प्रवासासाठी पुरेसा आयुर्विमा उतरविणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. घरी पत्नी, लहान मुले. आणि आपण परत येऊ याची खात्री कोण देणार? तेव्हा उड्डाणापूर्वी सर्वांपासून दूर ठेवलेले असताना त्यांनी टपालाच्या कित्येक पाकिटांवर सह्या केल्या आणि ती विश्वासू मित्राच्या स्वाधीन केली. उड्डाणाच्या दिवशी, १६ जुलै १९६९ रोजी, आणि चंद्रावर उतरण्याच्या दिवशी, २० जुलै रोजी, त्यांवर टपालाचे शिक्के मारून घेतले गेले. आपण गेलो तर या पाकिटांना मोठी किंमत येईल आणि ती विकून मुलांचे पालनपोषण होईल, असा त्यामागचा हिशेब होता. संग्राहक त्यांना ‘विम्याची पाकिटे’ म्हणतात. ‘अपोलो ११’ पासून ‘अपोलो १६’ पर्यंतच्या वीरांनी अशी पाकिटे मागे ठेवली. एकेक सही करताना त्या पित्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दुसरे उदाहरण ‘अपोलो १५’ चे. जुलै १९७१ मध्ये निघालेल्या या यानातून डेव्हिड स्कॉट, आल्फ्रेड वॉर्डन व जेम्स आयर्विन यांनी सुमारे ४०० पाकिटे परवानगीवाचून चंद्रावर नेऊन आणली आणि परतल्यावर त्यांवर सह्या केल्या. त्यांतील १०० पाकिटे ठरल्याप्रमाणे जर्मनीतील एका तिकीट-विक्रेत्याकडे गेली आणि त्याने ती भारी किमतीस विकली. या व्यवहारातून मिळणारा पैसा मुलांच्या भवितव्यासाठी ठेवण्याचा त्यांचाही विचार होता. पुढे त्यांनी तो घेण्याचे नाकारले. तथापि प्रकरण बाहेर आले, १९७२ मध्ये त्यांना ठपका मिळाला आणि तिघांपैकी एकही पुन्हा अंतराळात गेला नाही. सरकारजमा झालेली पाकिटे बऱ्याच वादानंतर १९८३ मध्ये त्यांना परत मिळाली. दोन्ही ठिकाणी पाकीट तेच, सही तीच, मुलांची काळजीही तीच. पहिल्या वीरांनी स्वतःचे नाव तेवढे तारण ठेवले. दुसऱ्यांनी देशाने सोपविलेल्या यानात लपवून आपला माल नेला. भेद कागदात नाही, वर्तनात आहे.

या बाजारामुळे सर्वांत अधिक मनस्ताप झाला तो नील आर्मस्ट्राँग यांना. मागेल त्याला सही देणारे म्हणून त्यांची पूर्वी ख्याती होती. पण आपल्या सह्या मुलांच्या वहीत न जाता बाजारात विकल्या जात आहेत आणि बनावट सह्यांचाही सुळसुळाट झाला आहे, असे दिसल्यावर १९९४ च्या सुमारास त्यांनी सही देणेच थांबविले. लोभाची हद्द अशी की, २००५ मध्ये त्यांचे कापलेले केससुद्धा ३,००० डॉलर्सना विकले गेल्याचे उघडकीस आले! २५ ऑगस्ट २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. काही लोभी माणसांमुळे त्या शेवटच्या अठरा वर्षांत किती निरागस मुले त्यांच्या सहीस मुकली असतील?

येथे आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. सहीपूर्वी ‘अमक्यास सप्रेम’ असे नाव घातलेले असेल, तर आर्मस्ट्राँग यांच्या छायाचित्रास बाजारात किंमत कमी येते; नुसती सही असेल तर अधिक. विक्रेत्याच्या दृष्टीने ते ठीकच आहे, कारण परक्याचे नाव घातलेली वस्तू भिंतीवर कोण लावणार? पण ज्याचे नाव तेथे आहे, त्याला विचारा! त्या थोर पुरुषाने क्षणभर आपलाच विचार केला आणि आपले नाव स्वतःच्या हाताने लिहिले, हा आनंद त्याला कोणती रक्कम देऊ शकेल? बाजारभाव आणि मोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

आपल्या देशापुरते बोलायचे तर ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा ‘सोयूझ टी-११’ यानातून अंतराळात गेले आणि तेथे सुमारे आठ दिवस राहिले. त्यानंतर ४१ वर्षांनी, २५ जून २०२५ रोजी, शुभांशु शुक्ला यांनी उड्डाण केले आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पाऊल ठेवणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या सह्या कोणासही हव्याशा वाटतील. परंतु शर्मा यांच्याबरोबर रवीश मल्होत्रा यांनी, आणि शुक्ला यांच्याबरोबर प्रशांत बालकृष्णन नायर यांनी, राखीव वीर म्हणून तेच खडतर शिक्षण घेतले होते, हे किती जणांस ठाऊक आहे? ऐन वेळी गरज पडली असती तर तेच गेले असते. ज्या संग्राहकास त्यांचीही सही हवीशी वाटते, त्याला या छंदाचे मर्म कळले असे आम्ही म्हणू. कारण तो प्रसिद्धी जमवीत नसून परिश्रमांचा आदर करीत आहे.

ज्यांना हा छंद लावून घ्यावयाचा आहे, त्यांच्यासाठी चार सूचना. पत्र स्वतःच्या हाताने, थोडक्यात व स्वच्छ लिहावे. ज्यांस लिहायचे त्यांच्या कार्याची माहिती आधी वाचावी आणि खरोखर पडलेला एखादाच प्रश्न विचारावा. सही एकच मागावी, आणि नकार आला किंवा उत्तर आले नाही तर रोष धरू नये. आलेली सही उन्हापासून दूर ठेवावी, कारण उन्हाने शाई उडते. ती कोणत्या दिवशी, कशी आली याची वहीत नोंद करावी आणि पाकीटही जपून ठेवावे. ज्या सहीचा पूर्ववृत्तांत सांगता येत नाही, ती विकत घेण्याच्या फंदात पडू नये.

शेवटी हाताने लिहिलेल्या अक्षराच्या सामर्थ्याचे एक उदाहरण. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ नावाचेच दुसरे यान परतीच्या वाटेवर सुमारे ६० किलोमीटर उंचीवर भंगले आणि आपल्या कल्पना चावला यांच्यासह सातही वीर मृत्युमुखी पडले. त्यांत इस्राएलचे इलान रामोन होते. दोन महिन्यांनी टेक्सासच्या माळावर त्यांच्या रोजनिशीची काही पाने सापडली. पोलादाहून कठीण असे भाग जेथे जळून गेले, तेथून ती कागदाची पाने खाली आली होती. तज्ज्ञांनी ती परिश्रमपूर्वक जुळविली आणि २००८ मध्ये जेरुसलेमच्या संग्रहालयात त्यांतील काही पाने लोकांस पाहावयास मिळाली. त्यांची पत्नी व मुले यांच्या दृष्टीने त्या पानांचा भाव कोणी करू शकेल काय? जे क्षरत नाही, झिजत नाही, ते अक्षर, असा आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ आहे. विद्यार्थिमित्रांनी सह्या अवश्य जमवाव्यात. मात्र प्रत्येक सहीमागे एक जिवंत हात होता आणि त्या हाताने काही काम केले होते, याचे विस्मरण होऊ देऊ नये.