ताई सासरी गेली, धाकटा गप्प झाला

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरीला, म्हणून मुलाला त्याच्या ताईनंच वाढवलं. लग्न होऊन ती बदलापूरहून उल्हासनगरला गेली. नऊ वर्षांचा धाकटा तेव्हापासून धड जेवत नाही.

उत्तर : हा हट्ट नाही. त्याची दुसरी आईच घरातून गेली आहे. ‘आता मोठा झालास’ म्हणू नका, रडू द्या. अंबरनाथ सोडलं की उल्हासनगर. दर रविवारी लोकलनं नेऊन आणा. वार ठरलेला असला की वाट पाहणं सोसतं. मंगेशकरांचंच घर पाहा. १९४२मध्ये वडील दीनानाथ गेले तेव्हा हृदयनाथ चार वर्षांचे होते. घर तेराव्या वर्षातल्या लतादीदींनी सावरलं. पुढे त्याच भावाच्या चाली त्या गायल्या. नातं असं रूप बदलत टिकतं. जेवण महिनाभरात सुधारलं नाही, वजन उतरलं, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.