भ्रमर गुरू आणि विम्याचा अर्ज

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्हा क्लार्कांनाही विमा विकण्याचं टार्गेट असे. एका मार्चमध्ये ऊसबिल जमा झालेल्या मावशींना मी म्हणालो, "ठेवीसारखंच आहे." दरवर्षी हप्ता लागतो, हे घाईत पुटपुटलो. तेव्हा 15 दिवसांत पॉलिसी परत करता येत असे, हे तर सांगितलंच नाही. दोन वर्षांनी त्या आल्या. "बाळा, माझी ठेव दे." हप्ता थकून पॉलिसी कधीच बंद पडली होती.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांतला भ्रमर फुलाला न दुखवता थोडं थोडं घेतो. नाथांच्या भागवतात हे कितीदा वाचलं होतं! फूल समोर बसलंय, हे कळलं नाही.

त्यानंतर सही घेण्याआधी मी विचारायचो, "पुढच्या वर्षी हप्ता कुठून भरणार?" उत्तर नसेल तर साधी मुदत ठेव. टार्गेट हुकलं, साहेबांची बोलणी खाल्ली. मावशींचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

पुतण्या आता अकलूजला ट्रॅक्टर विकतो. त्यालाही हाच प्रश्न विचारायला सांगतो. तो म्हणतो, "काका, गिऱ्हाईक उठून जाईल." जातं कधीकधी.