पंचवीस मिनिटांचा रोबोटपट : पोट भरतं का?

हॉस्टेलमध्ये दोन प्रकारची पोरं असतात. एक प्रेमकथा बघणारी, आणि दुसरी रोबोट बघणारी. दोघांचं एकाच पडद्यावर सहसा जमत नाही. पण एक जपानी ॲनिमेशनपट असा आहे की त्यात दोघांनाही बोलावलंय. नाव 'होशी नो कोए', म्हणजे ताऱ्याचा आवाज. इंग्रजीत तो 'व्हॉइसेस ऑफ अ डिस्टंट स्टार' म्हणून ओळखला जातो. लांबी फक्त २५ मिनिटं. प्रश्न साधा आहे : अवाढव्य रोबोटांच्या चाहत्याचं या २५ मिनिटांत समाधान होतं का?

हा प्रश्न माझा नाही, माझ्या रूम पार्टनरचा आहे. २००४ साली याच जिल्ह्यात आम्ही इंजिनिअरिंगला होतो. तो पारनेर तालुक्यातला. कुणीतरी पुण्याहून सीडी आणली, सबमिशन संपल्याच्या रात्री एका पीसीभोवती आम्ही अकरा जण कोंबून बसलो. सिनेमा संपला तसा तो म्हणाला, "काय राव, एवढा भारी रोबोट आणि पोरगी नुसती मेसेज टाईप करत बसलीय!" आणि तरी तो उठला नाही. का उठला नाही, ते शेवटी सांगतो. आधी अभ्यास.

कथा थोडक्यात

२०४७ सालच्या आसपासचा काळ. मंगळावरच्या थार्सिस भागात परग्रहवासीयांचे अवशेष सापडले, म्हणून त्यांना टार्सियन हे नाव पडलं. त्यांचा माग काढायला संयुक्त राष्ट्रांची अंतराळसेना निघते. त्या सेनेत मिकाको नावाच्या शाळकरी मुलीची निवड होते. तिचा मित्र नोबोरू जपानमध्येच राहतो. मिकाको 'ट्रेसर' नावाचा मोठा रोबोट चालवते आणि नोबोरूला मोबाईलवरून मेसेज पाठवत राहते. मंगळ, गुरू, प्लुटो, आणि शेवटी व्याध, असं तिचं जहाज लांब लांब जातं. मेसेज पोचायला लागणारा वेळ वाढत जातो. बास, एवढीच गोष्ट.

हा सिनेमा माकोतो शिनकाई यांनी जवळजवळ एकट्याने, पॉवर मॅक जी-४ या संगणकावर बनवला. लेखन, दिग्दर्शन, चित्रं, त्रिमिती रोबोट सगळं त्यांचं. संगीत तेनमोन यांचं. २ फेब्रुवारी २००२ रोजी टोकियोतल्या एका छोट्या थिएटरात तो लागला. पुढे २०१६ मध्ये 'युअर नेम' काढून जगभर गाजलेले हेच शिनकाई. मशीन साधं आहे म्हणून प्रोजेक्ट होत नाही, असं सांगणाऱ्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.

रोबोटचा चाहता काय मागतो?

अवाढव्य रोबोट ही जपानची जुनी आवड. १९५६ च्या 'तेत्सुजिन २८' या चित्रकथेतला रोबोट रिमोटवर चालायचा. १९७२ च्या 'माझिंगर झेड'ने माणसाला रोबोटच्या डोक्यात बसवलं. १९७९ च्या 'गुंडाम'ने रोबोट म्हणजे चमत्कार नाही, तर कारखान्यात बनणारं आणि दुरुस्तीला येणारं युद्धयंत्र आहे, असं दाखवलं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायची. मनगटावरच्या घड्याळातून हुकूम देणारा पोरगा आमच्या वयाच्या बऱ्याच जणांना आठवत असेल.

यातून चाहत्याच्या चार मागण्या निघतात : (१) यंत्र खरं वाटलं पाहिजे, त्याला वजन पाहिजे. (२) लढाई बघण्यासारखी पाहिजे. (३) शत्रू कोण आणि का लढायचं, हे कळलं पाहिजे. (४) आत बसलेल्या माणसाचं काय होतं, हे दिसलं पाहिजे. एकेक तपासू.

मागणी पहिली : यंत्र

इथे मेकॅनिकलवाल्यांनी पुढे सरकावं. माणसाची उंची १० पट केली की आकारमान, म्हणजेच वजन, १००० पट होतं. पण पायाच्या हाडाचं काटछेद क्षेत्रफळ फक्त १०० पटच वाढतं. म्हणजे हाडावरचा ताण १० पट. ७० किलोचा, १.८ मीटरचा माणूस १८ मीटरचा केला तर तो ७० टनांचा होतो आणि पहिल्याच पावलाला गुडघ्यात बसतो. मूळ गुंडामची उंची १८ मीटर, आणि शस्त्रांसकट वजन ६० टन सांगितलेलं आहे. आपला अर्जुन रणगाडा साधारण साडेअठ्ठावन्न टनांचा. म्हणजे आकडा हवेतला नाही. पण रणगाडा ते वजन दोन लांब पट्ट्यांवर पसरतो, आणि रोबोट चालताना एका पावलावर घेतो. पावलाचा तळ ३ मीटर बाय दीड मीटर धरला तरी दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.३ किलो येतो. हे नुसतं उभं राहिल्यावर. धावलं, उडी मारली तर कितीतरी जास्त. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात बैलगाडी रुतते, तिथे या महाशयांचं काय होईल ते तुम्हीच ठरवा.

योकोहामा बंदरात डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ या काळात १८ मीटरचा हलणारा गुंडाम उभा होता. वजन सुमारे २५ टन. हात-पाय हलवायचा, पण मागून कमरेला आधार दिलेला होता. स्वतःच्या पायावर चालला नाही. वरचं गणित तिथे उभं केलेलं होतं असं समजा.

शिनकाईंनी हा घोळ टाळला आहे. ट्रेसर मुख्यतः उडतो. अवकाशात गुडघ्यावर भार नसतो, त्यामुळे तो रोबोटपेक्षा हात-पाय असलेलं छोटं यान वाटतो. पण मग त्याला पाय कशाला? याचं उत्तर सिनेमा देत नाही. इंजिन, इंधन, दुरुस्ती, काहीच दाखवत नाही. १० पैकी ४ गुण.

मागणी दुसरी : लढाई

लढाया थोड्या आणि तुटक आहेत, पण नीट आहेत. क्षेपणास्त्रांच्या रेषा, वळणं, प्रकाशाच्या पात्याने केलेला वार, सगळं स्वच्छ दिसतं. शेवटच्या लढाईत ताफ्यातली जहाजं फुटत असतात आणि मिकाको मोडक्या ट्रेसरने आपलं जहाज, 'लिसिथिया', वाचवते. एका माणसाने घरच्या संगणकावर केलेलं हे काम बघून आमच्या रूममध्येही शिट्ट्या वाजल्या होत्या. १० पैकी ७.

मागणी तिसरी : शत्रू आणि कारण

इथे सिनेमा सरळ केटी लावून घेतो. टार्सियन नेमके कोण, त्यांना काय हवंय, हे धड कळत नाही. मिकाको तर ट्रेसरच्या आतही शाळेच्या गणवेशात! १५ वर्षांच्या पोरीला सेनेत कुणी आणि का घेतलं, याचाही खुलासा नाही. २५ मिनिटांत सगळं बसत नाही हे मान्य, पण लांब मालिका बघणाऱ्याला हे खटकणारच. १० पैकी २.

मागणी चौथी : आतला माणूस

आता मुख्य मुद्दा. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना बोलावतो.

रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात. मंगळापर्यंत त्यांना ३ ते २२ मिनिटं लागतात, गुरूपर्यंत पाऊण तासाच्या आसपास, प्लुटोपर्यंत ४ ते ७ तास. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. सिनेमात तिथून आलेल्या मेसेजला ८ वर्षं २२४ दिवस १८ तास लागतात. ८.६ वर्षांचे दिवस काढले तर ८ वर्षं २१९ दिवस येतात. फरक पाच दिवसांचा. म्हणजे शिनकाईंनी अंतर किंचित जास्त धरलं, पण गणित केलं होतं हे नक्की. प्रेमकथेत एवढी मेहनत कोण घेतं?

मोबाईलचा मेसेज तिथून येईल का? याचा अंदाज घ्यायला फार लांब जायला नको. आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं 'शियापरेली' यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण संदेश खोडदला पकडला जात होता. संदेश यायला जवळजवळ १० मिनिटं लागत होती. उतरण्याच्या जरा आधी तो थांबला. यान आदळलं होतं. म्हणजे खोडदच्या पडद्यावर सिग्नल दिसत होता, तेव्हाच तिकडे सगळं संपून गेलेलं असणार.

त्या दिवशीच्या मंगळापेक्षा व्याध सुमारे ४ लाख ६० हजार पट लांब आहे. संदेशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे तोच संदेश व्याधावरून आला तर सुमारे २१ हजार कोटी पटींनी क्षीण होईल. मंगळासाठी खोडद लागलं, तर व्याधासाठी खिशातला मोबाईल कसा पुरेल? नाही पुरणार. पण सिनेमा इथे एक प्रामाणिक गोष्ट करतो. मिकाकोचा शेवटचा मेसेज पूर्ण पोचत नाही. सुरुवातीच्या दोन ओळी येतात, बाकी गोंगाटात जातात.

मागच्या वर्षी वर्गात एकाने विचारलं, "सर, जहाज उडी मारून क्षणात व्याधाला पोचतं, मग तसंच पत्र का पाठवत नाहीत?" शंका रास्त आहे. सिनेमाने हा नियम धरला आहे : जहाजाला आडवाट आहे, पत्राला नाही. तो मान्य केला तरच गोष्ट चालते.

आणि इथेच बहुतेक जण एक चूक करतात. त्यांना वाटतं, मिकाको १५ वर्षांचीच राहिली आणि नोबोरू २४ चा झाला, म्हणजे हा आइन्स्टाइनचा काळ-प्रसरणाचा परिणाम. तसं नाही. ते बघायचं असेल तर १९८८ साली सुरू झालेली 'गनबस्टर' ही रोबोट मालिका बघा. इथे मिकाको प्रकाशाच्या जवळच्या वेगाने वर्षानुवर्षं फिरत नाही, ती उडी मारते. नोबोरू मेसेज वाचतो त्या दिवशी मिकाको जिवंत असेल तर तीही २४ ची आहे. दोघांचं वय सारखंच वाढतंय. जुनी झालीय ती फक्त बातमी. तो जिचा मेसेज वाचतोय, ती पोरगी आता तशी राहिलेली नाही, आणि आज ती कशी आहे हे त्याला कळायला अजून साडेआठ वर्षं.

रोबोटचं केबिन म्हणजे काय, हे यातून कळतं. इतर मालिकांत ते सिंहासन असतं. इथे ती एक बंद पेटी आहे, आणि आतल्या माणसाला घरचं काही कळत नाही. १० पैकी ९.

रूम पार्टनर का उठला नाही

आपल्या गावाला आता अहिल्यानगर म्हणतात, तेव्हा अहमदनगर. इथे आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि १९९४ पासून रणगाडा संग्रहालय आहे. १९६५ च्या युद्धातला पॅटन तिथे बघायला मिळतो. फर्स्ट इयरला मी त्याला म्हटलं होतं, चल, रणगाडे बघून येऊ. तो म्हणाला, "मला नको. दादा आहे ना आत."

त्याचा थोरला भाऊ रणगाड्यावर ड्रायव्हर होता. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि सैन्य सीमेवर गेलं. ते परतायला ऑक्टोबर २००२ उजाडला. टोकियोत हा सिनेमा लागला, त्या फेब्रुवारीत दादा राजस्थानात कुठेतरी होता. कुठे, ते घरी माहीत नव्हतं. पत्ता ५६ एपीओ, बस. त्या उन्हाळ्यात आजी गेली. गावाहून पत्र लिहिलं, फोनचा निरोप ठेवला. ते पोचायच्या आत दादाचं आधी टाकलेलं पत्र आलं, आजीच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी. त्यात लिहिलं होतं की आजीचा दमा कसा आहे, तिला सांग, सुट्टी मिळाली की तिला घेऊन मोहटादेवीला जाऊ.

पत्र वाचायचं काम रूम पार्टनरकडे होतं, कारण आईला वाचता येत नव्हतं. त्याने ते पूर्ण वाचलं नाही. मधल्या दोन ओळी गाळल्या. हे त्याने मला त्या सिनेमाच्या रात्री, पीसी बंद केल्यावर सांगितलं. मग म्हणाला, "दादा सांगायचा, आत बसलं की फटीतून जेवढं दिसतं तेवढंच जग. बाकी रेडिओवर काय कानावर पडेल ते."

दादा सुखरूप परत आला. आता निवृत्त होऊन गावी कांदा करतो.

निकाल

चार विषयांचे मिळून ४० पैकी २२. म्हणजे पास, पण फर्स्ट क्लास नाही. रोबोटच्या चाहत्याचं पोट या सिनेमाने भरत नाही. यंत्र कमी, शत्रू धूसर, कारणं गायब. ज्याला २५ मिनिटं नुसती धडाधड हवी, त्याने 'पॅसिफिक रिम' लावावा, कुणाची हरकत नाही. पण रोबोट चालवणाऱ्याची घरी कुणीतरी वाट बघत असतं, आणि त्या वाट बघण्याला किलोमीटरमध्ये मोजता येतं, हे या सिनेमाइतकं थोडक्यात दुसऱ्याने दाखवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

जाता जाता तीन प्रश्न. उत्तरं वहीत सोडवून माझ्या केबिनला आणा, चहा माझ्याकडून.

१) ट्रेसरला पाय असण्याचं एक तरी तांत्रिक कारण शोधा.
२) २०२५ मध्ये व्हॉयेजर-१ ला संदेश पोचायला सुमारे २३ तास लागत होते. त्यावरून त्याचं अंतर काढा.
३) तुमच्या घरी शेवटचा फोन कधी केला होता? याला गणित लागत नाही.

रूम पार्टनरला हा लेख छापायच्या आधी वाचून दाखवला. दादाबद्दल लिहू का, विचारलं. तो म्हणाला, "लिही. पण गुण जास्त दिलेस. रोबोट खरंच कमी आहे रे."