होडीत बसण्याआधी आणि होडी घेण्याआधी

मैत्रिणींनो, शेळीपालन, दाळमिल, मसाला कांडप यांचे धडे मागच्या अंकांत झाले. या वेळचा अभ्यास पाण्यावरचा आहे. कारण असं की गटांच्या बैठकीत दोन गोष्टी सारख्या निघतात. एका गटाला वर्षाअखेर सहल काढायची आहे आणि सहलीत होडीत बसायचंच आहे. दुसरीकडं धरणाजवळच्या गावातल्या बायका म्हणतात, "रविवारी एवढी माणसं येतात पाणी बघायला, आपल्या गटानंच होडी टाकली तर?" सहल काढणाऱ्या आणि धंदा करू पाहणाऱ्या, दोघींना पाण्याची माहिती सारखीच लागते. म्हणून दोन्ही एकत्र घेऊ.

आधी आपल्या राज्यात लोक होडीत बसायला कुठं जातात ते बघा. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव सगळ्यांना माहीत. तो 1842 मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधून घेतला. कोयना धरणाच्या पाण्याला शिवसागर म्हणतात. तिथं बामणोली आणि तापोळ्याहून होड्या सुटतात, आणि वासोटा किल्ल्याला जायचं तर होडीतून जाऊन पुढं जंगल चढावं लागतं. विदर्भात रामटेकजवळ खिंडसी तलाव, कोल्हापुरात रंकाळा. समुद्रावर म्हणाल तर मालवणहून सिंधुदुर्ग किल्ला, राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिरा, मुंबईत गेटवेहून घारापुरीची लेणी. तारकर्लीला तर कर्ली नदीची खाडी आणि समुद्र दोन्ही आहेत. लोणार आपल्याला त्या मानानं जवळ, पण ते खाऱ्या पाण्याचं सरोवर म्हणजे अभयारण्य. तिथं होडी नाही, आणि नसलेलीच बरी.

समुद्रावर जायचं ठरलं तर महिना बघून ठरवा. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद असतात. शाळेला सुट्टी आहे म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात मालवण गाठलं आणि किल्ला काठावरूनच बघून परत आलं, असं नको व्हायला.

आता जिवाचं बोलू.

21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनी धरणात कुगावहून कळाशीकडं निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात माणसं होती. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले, त्यांत लहान लेकरं होती. त्याच वर्षी 18 डिसेंबरला मुंबईत घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि 15 जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेवरून निघणाऱ्या बोटींत जॅकेट घालणं सक्तीचं झालं. दोन्ही अपघातांची कारणं वेगळी आहेत. पण दोन्हीकडं एक गोष्ट सारखी होती: काठावरून निघताना कुणालाच धोका दिसत नव्हता.

धरणाचं पाणी शांत दिसतं, म्हणून आपण त्याला तळं समजतो. पण उजनीसारखं रुंद पाणी म्हणजे उघडं माळरान. वाऱ्याला अडवायला झाड नाही, डोंगर नाही. जेवढं पाणी लांब पसरलेलं, तेवढी लाट मोठी होत जाते. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर आभाळ कसं अचानक भरून येतं, वावटळ सुटते, वळवाचा पाऊस येतो, हे कापूस-हळद झाकायला पळालेल्या बाईला काय सांगायचं? म्हणून उन्हाळ्यात होडीत बसायचं तर सकाळी बसा. आभाळ काळं दिसलं तर पैसे दिलेले असले तरी बसू नका.

होडी उलटते कशी, तेही समजून घ्या. कडब्यानं भरलेली बैलगाडी आठवा. भर जेवढा उंच, तेवढी ती चाकोरीत कलंडायची भीती जास्त. होडीचं तसंच आहे. सगळ्या खाली बसल्या तर भर खाली राहतो. दोघी-तिघी उभ्या राहिल्या किंवा फोटोसाठी सगळ्याच एका कडेला सरकल्या, की होडी त्या अंगानं कलते, पाणी आत येतं, आणि आत आलेलं पाणीही त्याच बाजूला धावतं. मग सावरायला वेळ मिळत नाही.

बसण्याआधी होडीवर किती माणसांची परवानगी लिहिली आहे ते वाचा आणि डोकी मोजा. मांडीवरचं लेकरूसुद्धा मोजायचं. जॅकेट बाकड्याखाली ठेवायला दिलेलं नसतं. ते अंगात घालायचं आणि सगळे पट्टे लावायचे. पट्टा सैल असेल तर पाण्यात जॅकेट वर येतं आणि माणूस खाली राहतो. लेकरांना लहान मापाचंच जॅकेट मागा, मोठ्यांचं त्यांच्या डोक्यावरून निसटतं. पदर कमरेला खोचून वरून जॅकेट घाला. "साडीवर कसं दिसंल बाई" हा विचार काठावर सोडून या. आणि होडी उलटलीच, तर काठ जवळ दिसला तरी पोहत सुटू नका. उलटलेली होडी बहुधा तरंगत राहते. तिलाच धरून राहा, मदत आधी होडीकडं येते.

आता धंद्याचं. बायकांनी होडी चालवणं जमतं का, असं कुणी विचारलं तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्याचं नाव सांगा. तिथं मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी 2017 मध्ये कांदळवन सफर सुरू केली. कांदळवन म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, तिवर, कांदळ, चिपी अशी. गटातल्या बायका मच्छीमार घरांतल्या. त्या स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना झाडांमधून नेतात आणि कोणतं झाड मुळांनी श्वास कसा घेतं, कोणता पक्षी कुठं बसतो, हे सांगतात. इंजिन नाही, म्हणून आवाज नाही, डिझेलचा खर्च नाही, पक्षी उडून जात नाहीत. त्यांना वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं पाठबळ मिळालं. मला वाटतं, त्यांचं खरं भांडवल होडी नव्हे, त्यांची माहिती आहे. होडी कुणीही विकत घेईल.

पण एक फरक नीट ध्यानात घ्या. वेंगुर्ल्याच्या खाडीत समुद्राचं पाणी भरतीला दिवसातून दोनदा येतं. खाडी आटत नाही. आपलं पाणी पावसावर आणि आवर्तनावर चालतं. पूर्णेवरचं येलदरी-सिद्धेश्वर, पैनगंगेवरचं इसापूर, गोदावरीवरचं विष्णुपुरी, ही धरणं शेतीला आणि पिण्याला बांधलेली. अर्धापूरची केळी कालव्याच्या पाण्यावर उभी आहे. कालवा सुटला की धरणाची कड मागं सरकते, आणि ते तसंच व्हायला पाहिजे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी मांजरा धरणात कुणी होडी घेतली असती तर ती भेगाळलेल्या गाळावर पडून राहिली असती.

हिशेब मांडून बघू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा वल्ह्याच्या होडीत चार पाहुणे, माणशी 60 रुपये. एका फेरीचे 240. शनिवार-रविवारी रोज पाच फेऱ्या, म्हणजे दिवसाला 1200, महिन्याच्या आठ दिवसांचे 9600. दोघी बायकांची रोजची 300 प्रमाणे मजुरी 4800. उरले 4800. पाणी सहा महिने टिकलं तर 28800. पण कर्जाचा हप्ता पाण्याबरोबर आटत नाही! महिन्याला 3000 हप्ता धरला तरी वर्षाचे 36000 होतात. म्हणजे 7200 चा खड्डा, आणि जॅकेट, दुरुस्ती, विमा अजून धरलाच नाही. एका ताईनं नेमकं विचारलं होतं, "पाणी हाय तवर होडी, मंग?"

म्हणून आमचं मत असं की धरणाजवळच्या गटानं होडीपासून सुरुवात करू नये. येणाऱ्या माणसाला चहा, ज्वारीची भाकरी, पिठलं, केळीचे वेफर्स लागतात. बायकांसाठी स्वच्छ संडास तर कुठंच नसतो. हे काम कमी भांडवलात होतं, आणि पाणी ओसरलं तर दुकान रस्त्यावर हलवता येतं. दोन हंगाम माणसं मोजा, मग होडीचं बघा.

तरी होडीच करायची असेल तर परवानगी आधी, खरेदी नंतर. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं. त्यातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडं ठेक्यानं असते, त्यांच्याशी न बोलता गेलात तर जाळ्यांवरून भांडण ठरलेलं. इसापूरला तर पक्षी अभयारण्यही आहे, तिथं वनविभागाला विचारावं लागेल. कर्जासाठी राज्याच्या पर्यटन विभागाचं 2023 चं 'आई' धोरण विचारा. बाईच्या मालकीच्या आणि तिनंच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला बँकेनं 15 लाखांपर्यंत कर्ज दिलं, तर त्यावरचं 12 टक्क्यांपर्यंतचं व्याज ठरलेल्या मर्यादेत परत मिळतं. हप्ता मात्र वेळेवर भरलेला पाहिजे. यादीत कोणते व्यवसाय बसतात ते पर्यटन कार्यालयात आधी बघून घ्या.

पुढच्या बैठकीआधी एवढं करा. धरणाजवळच्या गटांनी गावातल्या जुन्या भोई माणसाला विचारून लिहून आणा: गेल्या पाच वर्षांत पाणी कोणत्या महिन्यात किती मागं गेलं, आणि पाण्याखाली खोडं-दगड कुठं आहेत. सहलीच्या गटांनी जागा, महिना आणि बरोबर येणाऱ्या लेकरांची वयं लिहून आणा. जॅकेटची मापं होडीवाल्याला फोनवर आधीच सांगायची आहेत.