आठवड्यातील घरसभा
वाचन : प्रे. कृ. २ : ४१-४७

आरंभीचे शिष्य मंदिरात जमत, तसेच घरोघरीही एकत्र भोजन करीत. या दुसऱ्या गोष्टीचा आपणांस विसर पडला आहे काय?

इ. स. १७४२ मध्ये ब्रिस्टल शहरी जॉन वेस्ली यांच्या मंडळीस सभागृहाचे कर्ज फेडावयाचे होते. म्हणून सुमारे बारा-बारा जणांचे वर्ग पाडून दर आठवड्यास प्रत्येकी एक पेनी गोळा करण्याचे ठरले. ज्यास देण्याची ऐपत नसे, त्याची पेनी पुढारी भरी. पेनीकरिता घरोघर जाता कोठे भांडण, कोठे दारू दृष्टीस पडली. आणि कर्जासाठी निघालेले वर्ग परस्परांस सांभाळणाऱ्या सभा झाले.

रविवारी आपणांस बंधूचा धुतलेला सदरा दिसतो. त्याचे ओझे त्याच्या ओसरीवरच दिसते. यास्तव, प्रियजनहो, जो बंधू कित्येक रविवार आला नाही, त्यास विचारून येत्या बुधवारी दिवेलागणीनंतर त्याच्याच घरी आपण जमू या.